वाटेत मेलेला घोडा कुणाच्या खात्यावर?

दिवेआगर हे नाव इतिहासाच्या अभ्यासकाला आठवते ते ताम्रपटामुळे. शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा दिवेआगरचा ताम्रपट मराठीतल्या सर्वांत जुन्या ताम्रपटांत गणला जातो. पर्यटकाला हे गाव आठवते ते पोफळीच्या वाड्या, सुवर्णगणेश आणि लांबच लांब पुळण यांमुळे. या दोन्ही ओळखींत घोड्याला कुठेच जागा नाही आणि ते साहजिकही आहे. कोकण हा घोड्यांचा मुलूख नव्हे. भाताची खाचरे, खाड्यांनी तुटलेल्या वाटा, चार महिन्यांचा पाऊस आणि दमट हवा यांत घोड्यांची पैदास कधी रुजली नाही. इथला माल गलबतातून गेला, बैलाच्या पाठीवरून गेला, माणसाच्या डोक्यावरून गेला.

तरीही घोड्याच्या इतिहासातून हा किनारा वगळता येत नाही. दिवेआगरच्या उत्तरेला चौल आणि दक्षिणेला दाभोळ. मध्ययुगात या दोन्ही बंदरांत अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून आलेले घोडे उतरत आणि घाट चढून दख्खनच्या सुलतानांच्या पागांत जात. दिवेआगरपासून काही कोसांवर असलेल्या श्रीवर्धनच्या भट घराण्यातून पुढे पेशवे निघाले आणि त्यांच्या काळात मराठी घोडदळ थेट अटकेपर्यंत पोचले. ज्या मातीत घोडा जन्मत नाही, त्या मातीवरून घोड्यांचा एवढा राबता झाला. याचा अर्थ असा, की इथे दिसलेला जवळजवळ प्रत्येक घोडा कुठून तरी आणलेला होता. कोकणातल्या घोड्याचा इतिहास हा मुख्यतः त्याच्या वाहतुकीचा इतिहास आहे.

वाहतूक म्हटली की वाटेतले हाल आले, आणि वाटेतले मरणही आले. अलीकडे घोड्यांची कत्तल आणि निर्दय वाहतूक या विषयावर बरेच बोलले जाते, पण ते बोलणे बहुधा दयेच्या भाषेत असते. दया हवीच. मात्र सात-आठ शतकांचे पुरावे एकापुढे एक मांडले, तर दुसरीच गोष्ट ठळक होते. घोडा कधी महाग होता म्हणून वाचला नाही आणि केवळ लाडका होता म्हणूनही वाचला नाही. ‘हा मेला तर नुकसान कुणाचे आणि जाब कुणाला?’ या प्रश्नाला जिथे स्पष्ट उत्तर होते, तिथे तो त्यातल्या त्यात बरा जगला. या लेखात हाच धागा धरून चालायचे आहे.

समुद्रातून येणारे जनावर

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो या व्हेनिसच्या प्रवाशाने ठाण्याच्या राज्याविषयी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली आहे. तिथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता. लुटीत जे घोडे मिळतील ते राजाचे, बाकीचा सगळा माल चाच्यांचा. कारण राजाकडे स्वतःचे घोडे नव्हते आणि हिंदुस्थानकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जहाजात इतर मालाबरोबर घोडे असतच. सोने-नाणे चाच्यांना सोडून राजा फक्त घोडे मागतो, यावरून त्या काळी घोड्याचे मोल काय असेल याची कल्पना यावी.

त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, १४६९ च्या सुमारास, अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. (काही अभ्यासक ही तारीख दोन वर्षे पुढे नेतात.) रेवदंड्यात आज त्याचे स्मारक आहे आणि १९५७ सालच्या ‘परदेसी’ या भारत-सोव्हिएत चित्रपटामुळे जुन्या वाचकांना तो ठाऊक असेल. निकितीनने होर्मुझहून एक घोडा आणला होता. त्याला शंभर रूबल पडले होते आणि त्याची सारी मिळकत त्या एका जनावरात अडकली होती. ‘तवा’ नावाच्या उघड्या जहाजातून मस्कत, गुजरात, खंबायत करत सुमारे सहा आठवड्यांनी तो चौलला पोचला. तिथून पाली गावावरून घाट चढून जुन्नर गाठायला आणखी तीन आठवड्यांहून जास्त लागले. जुन्नरला पावसाने अडकून पडावे लागले. त्यातच तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तर घोडा आणि वर हजार मोहरा देतो, अशी अट घातली. खुरासानच्या एका सरदाराने रदबदली केली तेव्हा घोडा परत मिळाला. पुढे बिदरला निकितीनने तो विकला.

या हकिकतीत आपल्या विषयाच्या दृष्टीने एक बारीक गोष्ट आहे. घोडा सुखरूप जुन्नरला पोचला म्हणून निकितीन देवाचे आभार मानतो. घोडा मेला असता तर तो स्वतः बुडाला असता. मालक आणि जनावर एकाच जहाजात, एकाच पावसात, एकाच वाटेवर होते. निकितीनने इथल्या घोड्यांच्या खाण्याचीही नोंद ठेवली आहे: हरभऱ्यासारखे कडधान्य, आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी. ज्याचे सर्वस्व त्या जनावरात आहे, त्याची नजर दाणावैरणीकडे जाणारच.

सगळेच व्यापारी असे एक घोडा घेऊन चालणारे नव्हते. शेकड्यांनी घोडे आणणाऱ्यांचा हिशेब निराळा होता. त्याचा सर्वांत तपशीलवार पुरावा कोकणचा नाही, तर पूर्वेकडच्या तमिळ किनाऱ्याचा, म्हणजे तेव्हाच्या ‘माबर’चा आहे. समुद्र ओलांडून घोडे तिथे येत ते याच आखातातून.

मरणातला नफा

वस्साफ हा फारसी इतिहासकार सांगतो, की कीश बेटाचा मोठा व्यापारी मलिक-उल-इस्लाम जमालुद्दीन याने माबरच्या पांड्य राजाला दरसाल १४०० घोडे पुरवण्याचा करार केला होता. इतर बंदरांतले धरून वर्षाला सुमारे १०,००० घोडे जात. प्रत्येक घोड्याची किंमत २२० सोन्याचे दिनार अशी पूर्वीपासून ठरलेली होती. आणि करारात एक कलम होते: घोडा वाटेत जखमी झाला किंवा मेला, तरी त्याची किंमत राजाच्या खजिन्यातून द्यायची.

वरवर पाहता हे कलम व्यापाऱ्याला धीर देणारे, समुद्राचा धोका वाटून घेणारे दिसते. पण घोड्याच्या बाजूने ते वाचून पाहावे. जिवंत उतरला तरी २२० दिनार आणि मेला तरी २२० दिनार. मग वाटेत पाण्याचे पिंप जास्त का घ्यायचे? दोन घोड्यांच्या जागेत तीन का उभे करायचे नाहीत? व्यापारी दुष्ट होते असे म्हणण्याची गरज नाही. घोड्याला जगवण्यात त्यांचा काही लाभ राहिला नव्हता, एवढेच.

मार्को पोलोने याच किनाऱ्याबद्दल लिहिलेली गोष्ट यापुढची आहे. राजा दरसाल दोन हजारांवर घोडे घेतो आणि वर्षअखेरीस त्यांतले शंभरही उरत नाहीत. कारण घोड्याची निगा कशी राखावी हे तिथे कुणाला माहीत नाही. आणि घोडे आणणारे व्यापारी आपल्याबरोबर नालबंद आणत नाहीत, कुणा नालबंदाला तिकडे जाऊही देत नाहीत. घोडे जगले तर पुढच्या वर्षीचा खप कमी होईल, हे त्याचे कारण. प्रवाशाच्या सांगण्यात अतिशयोक्ती असेल. आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. पण वस्साफचा करार आणि पोलोचे निरीक्षण शेजारी ठेवले की व्यवहाराचे रूप स्पष्ट होते. सोन्याच्या मोलाचे जनावर माश्यांसारखे मरत होते आणि त्या मरणावर एक व्यापार उभा होता. महाग वस्तू जपली जाते, हा आपला साधा समज इथे टिकत नाही. वस्तू जपली जाते ती फुटली तर ज्याचे नुकसान होते, त्याच्या हातात ती असेल तेव्हाच.

नालबंद आणि पखालजी

या पार्श्वभूमीवर शिवकालीन पागेची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. परदेशी घोड्यांचा व्यापार तेव्हा इतरांच्या हातात होता. १५१० नंतर पोर्तुगिजांनी गोव्यात त्याची मक्तेदारी उभारली होती आणि चौलचा कोटही त्यांच्याच ताब्यात होता. मराठ्यांचे घोडदळ मुख्यतः देशावरच्या काटक तट्टांवर उभे राहिले. भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी घोड्याचे नाव याच संदर्भात येते. तट्टू अरबी घोड्याहून पुष्कळ स्वस्त. तरीही त्याच्या निगेची घडी कशी बसवली होती, हे सभासदाच्या बखरीत वाचायला मिळते.

बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःचा घोडा आणी. पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार अशी उतरंड होती. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पखालजी म्हणजे पखालीतून पाणी पुरवणारा. माबरच्या व्यापाऱ्यांनी ज्या नालबंदाला दूर ठेवले, तोच नालबंद इथे पंचवीस घोड्यांना एक या हिशेबाने वेतनावर आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीला परत येई. त्याआधी दाणा, रतीब, औषधे यांची बेगमी आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेल्या पागा तयार ठेवायच्या, असा नियम होता. दसऱ्याला पुन्हा मुलूखगिरीवर निघायचे.

यात भूतदयेचा शब्द नाही. सगळी भाषा नेमणुकीची आणि बेगमीची आहे. तहानलेला घोडा दिसला तर कुणाला विचारायचे, हे ठरलेले होते, आणि ती सोय घोड्याला पुरेशी होती.

चिपळूणचे पत्र

ही व्यवस्था कागदावरच राहत नव्हती, याचा पुरावा कोकणातलाच आहे. मे १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी चिपळूण भागात छावणीला असलेल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले पत्र मराठी वाचकाला रयतेच्या संदर्भात परिचित आहे. रयतेला त्रास देऊ नका, असे सांगणारे पत्र म्हणून ते शाळेपासून ऐकलेले असते. पण त्याचा मोठा भाग घोड्यांविषयी आहे, याकडे कमी लक्ष जाते.

लष्कर देशावर न नेता त्या वर्षी कोकणात ठेवावे लागले होते. पावसासाठी साठवलेला दाणा आणि गवत यांवर ते तुटून पडेल, ही महाराजांची चिंता. पत्राचा आशय असा, की आत्ता हाताशी आहे म्हणून मन मानेल तसे दाणा-गवत खर्चाल, तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरू लागतील आणि मग ती घोडी तुम्हीच मारली असे होईल. पुढे रयतेला त्रास झाला तर लोकांना मोगल बरा वाटेल, हा इशारा येतो. आणि मग बारीकसारीक सूचना येतात: गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नका, तंबाखू ओढताना ठिणगी पडू देऊ नका, रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवत व पागा भस्मसात होतील.

‘घोडी तुम्हीच मारली असे होईल’ हा आशय आपल्या विषयाच्या मध्यभागी ठेवण्यासारखा आहे. उपासमारीने मेलेला घोडा कुणी तलवारीने मारलेला नसतो. तो आपोआप मेला असे म्हणता येते. पाऊस, दुष्काळ, दैव यांच्यावर ते मरण लोटता येते. महाराज ती पळवाट आधीच बंद करतात. आज मे महिन्यात केलेल्या हयगयीचे मरण श्रावणात घडेल, तरी ते आजच्या माणसाच्या नावावर लिहिले जाईल. वस्साफच्या करारात मेलेल्या घोड्याचे पैसे तिसराच कुणी भरत होता. इथे मेलेल्या घोड्याचा जाब, ज्याच्या हातात दाण्याची कोठी आहे, त्याला आहे. एकाच प्रश्नाची ही दोन टोके आहेत आणि पुढचा सारा इतिहास या दोहोंच्या मध्ये हेलकावे खातो.

ट्राम आणि जनावरांचे रुग्णालय

एकोणिसाव्या शतकात घोड्यांचा बाजार मुंबईत आला. अरबी घोडे आखातातून मुंबईच्या बंदरात उतरत आणि फलटणी, शर्यती व गाड्या यांना पुरवले जात. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीला आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. स्टर्न्स आणि किटरेज या कंपनीच्या तबेल्यात तेव्हा ९०० घोडे होते, असे सांगितले जाते. १ ऑगस्ट १९०५ ला ही ट्राम बंद झाली आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम आली. आठशे-नऊशे घोडे उन्हात, पावसात, भरलेल्या गाड्या ओढताना रोज रस्त्यावर दिसणे ही मुंबईकरांना नवी गोष्ट होती.

त्याच १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था स्थापन झाली, आणि १८८३ मध्ये सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे हे रुग्णालय आजही चालू आहे. मुंबईचा पांजरपोळ त्याहून जुना, १८३४ चा. म्हाताऱ्या, मोडलेल्या जनावराला मरेपर्यंत पोसण्याची पांजरपोळाची कल्पना आणि आजारी जनावराला बरे करून कामावर पाठवण्याची रुग्णालयाची कल्पना या वेगळ्या आहेत. दोन्हींची गरज होती.

कायदा मात्र संकोचाने आला. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ४२९ व्या कलमात घोड्याचे नाव होते. हत्ती, उंट, घोडा, खेचर, गाय, बैल अशा जनावरांना ठार मारणे किंवा लुळे करणे हा, त्यांची किंमत काहीही असो, पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा होता. पण तो ‘आगळीक’ या सदरातला, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस या सदरातला. कायदा घोड्याला जपत नव्हता, मालकाची मालमत्ता जपत होता. स्वतःच्या घोड्याचे हाल करणाऱ्याला त्यात काही नव्हते. ती उणीव १८९० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याने काहीशी भरली. जनावराला वेदना होतील अशा रीतीने बांधणे किंवा नेणे हा त्यात गुन्हा ठरला. त्याला १०० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मात्र हा गुन्हा रस्त्यावर किंवा लोकांच्या नजरेसमोर घडायला हवा. तबेल्याच्या भिंतीआड जे होई ते भिंतीआडच राहिले.

अँटवर्पची वाट

याच सुमारास युरोपात घोड्याच्या वाहतुकीला एक नवे टोक फुटले होते: खाटीकखाना. इंग्लंडमध्ये गाड्या ओढून थकलेले म्हातारे घोडे बोटीने बेल्जियम आणि फ्रान्सला जात, कारण तिकडे घोड्याचे मांस खाल्ले जाई. एडा कोल या इंग्लिश परिचारिकेने १९११ साली अँटवर्पच्या धक्क्यावर हे घोडे उतरताना पाहिले. लंगडे, आजारी, समुद्राने हैराण झालेले ते घोडे मारून-झोडून कत्तलखान्याकडे पायी नेले जात होते. तिने आयुष्य या प्रश्नाला वाहिले आणि १९२७ मध्ये कत्तलीसाठी घोडे परदेशी पाठवण्याविरुद्ध संघटना उभी केली. ती पुढे ‘वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर’ या नावाने वाढली. एडा कोल १९३० मध्ये वारली. तिच्या पश्चात १९३७ मध्ये ब्रिटनने घोड्यांच्या निर्यातीचा कायदा केला.

या कायद्याची युक्ती आपल्या धाग्याशी जुळते. त्याने मांसासाठी घोडे पाठवू नका असा उपदेश केला नाही. निर्यातीच्या घोड्याचे किमान मोल ठरवून दिले. त्या मोलाखालचा घोडा देशाबाहेर नेताच येणार नाही. म्हातारा घोडा तेवढ्या मोलाचा नसे आणि ज्याचे मोल तेवढे असे, तो खाटकाला परवडत नसे. व्यापाराचा हिशेबच मोडला. अमेरिकेत उलट अनुभव आला. तिथले शेवटचे घोड्यांचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, पण घोडे ट्रकांतून मेक्सिको आणि कॅनडाकडे जाऊ लागले. कत्तल थांबली नाही, वाट लांबली. आणि वाट लांबली की हाल वाढतात. शेवट बंद करताना वाटेची जबाबदारी कुणावर टाकली नाही, तर काय होते याचा हा धडा आहे.

दंड पन्नास रुपये

आपल्याकडे घोड्याचे मांस खाण्याची रीत नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांत खाण्यासाठी कापण्याच्या जनावरांत घोडा किंवा गाढव बसत नाही. म्हणून आपला प्रश्न सुटलेला आहे, असा समज होतो. पण आपल्याकडे घोडा एका फटक्यात कत्तलखान्यात जात नाही, तो हातोहात खाली उतरतो. शर्यतीतून रपेटीला, रपेटीतून लग्नाच्या वरातीला, वरातीतून टांग्याला किंवा किनाऱ्यावर. प्रत्येक पायरीवर मोल कमी, मालक गरीब आणि टेम्पो लहान.

कायदा वाचला तर तो वाईट नाही. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत घोडे, खेचरे आणि गाढवे यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. जनावर प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला हवा. एका मालवाहू वाहनात चार ते सहापेक्षा जास्त घोडे नकोत. पाय घसरणार नाहीत अशी जमीन, दोन घोड्यांच्या मध्ये किमान आठ सेंटिमीटर व्यासाचा बांबू, मागे दोन भक्कम आडवे दांडे. समोरच्या वाहनांनी बुजू नयेत म्हणून घोड्यांची तोंडे डावीकडे. सोबत एक माणूस. आणि वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नाही. समुद्रमार्गे न्यायचे तर प्रत्येक घोड्याला वेगळा ठाण, हवा खेळती ठेवणारे पंखे, आजारी जनावरासाठी निराळी जागा, आणि उकाड्यात घोडे चढवल्याबरोबर जहाज हाकारणे, हेही त्यात आहे. निकितीनच्या ‘तवा’पासून पाचशे वर्षांनी लिहिलेले हे नियम वाचताना जुन्या खलाशांच्या वेदना कुणीतरी नीट ऐकल्यासारखे वाटते. जनावरे नेणाऱ्या वाहनात प्रत्येकासाठी वेगळा कप्पा हवा, हा मोटार वाहन नियमही २०१६ पासून आहे.

मग अडते कुठे? १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार वेदना होतील अशा रीतीने जनावर नेणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हे दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १८९० च्या मूळ कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला १०० रुपयांपर्यंत दंड होता, हे आठवावे. तेव्हाचे शंभर आणि आजचे पन्नास यांची तुलना करण्याचीही सोय नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या जल्लीकट्टूवरील निकालात हा दंड वाढवण्याची अपेक्षा संसदेकडून व्यक्त केली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला. एका टेम्पोत दहा घोडे कोंबून जेवढे भाडे वाचते, त्याच्या पासंगालाही पन्नास रुपये पुरत नाहीत. वस्साफच्या करारासारखेच झाले: घोडा वाटेत पडला तरी नेणाऱ्याच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. फरक एवढाच, की तेव्हा घोडा महाग होता, आज स्वस्त आहे.

बंदीच्या बाबतीतही तोच प्रश्न उरतो. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निव्वळ मौजेच्या फेरफटक्यासाठी घोडागाड्या चालवणे बेकायदा ठरवले आणि वर्षभरात त्या बंद करायला सांगितले. दिव्याच्या माळा लावलेल्या व्हिक्टोरिया मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. गाडी बंद करता येते, तबेल्याचा परवाना रद्द करता येतो, चालकाला पर्यायी काम देण्याची योजना आखता येते. घोडा मात्र वीस-पंचवीस वर्षे जगतो आणि रोज खातो. विसाव्या पशुगणनेनुसार देशातले घोडे आणि तट्टू २०१२ च्या सव्वासहा लाखांवरून २०१९ मध्ये तीन लाख चाळीस हजारांवर आले. सात वर्षांत सुमारे ४५ टक्के घट. गाढवांची घट तर साठ टक्क्यांहून जास्त. यंत्रे आली, कामे गेली, पैदास कमी झाली, हे सारे खरे आहे. पण संख्या इतक्या वेगाने उतरते, तेव्हा उरलेल्या जनावरांचे म्हातारपण कुणाच्या दारात जाते, हे विचारायला हवे.

पायी येणारी घोडी

या सगळ्यात एक घोडा असा आहे, जो अजूनही स्वतःच्या पायांनी कोकणात उतरतो. दिवाळीनंतर देशावरचे धनगर मेंढ्या घेऊन घाट उतरतात. भातकापणी झालेल्या शेतांत मेंढ्या बसवतात, त्याबदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाच्या आधी परत वर चढतात. त्यांचा संसार, भांडीकुंडी, लहान करडे-कोकरे आणि कधी लहान मुलेही तट्टांच्या पाठीवर असतात. ही तट्टे बहुतांशी भीमथडी वळणाची. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेने अलीकडेच भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, ती जात टिकली ती या भटक्या मेंढपाळांमुळे. धनगराची घोडी लाडात वाढते असे नाही. ओझे तिला असते, ऊनही असते. पण तिच्याबरोबर तिचा मालक चालत असतो. ती लंगडली तर त्याचा संसार त्याच वाटेवर थांबतो.

प्रत्येक घोडा असा पायी आणता येणार नाही. रायगडच्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फेरी मारून आणणारे घोडे हंगामात येतात, त्यांच्या मालकांची पोटे त्यावर आहेत, आणि ती माणसे स्वतःही फारशी सुखात नसतात. त्यांना खलनायक ठरवून काही साधणार नाही. साधेल ते नाव-गावाच्या नोंदीने. ग्रामपंचायतीच्या वहीत किनाऱ्यावरच्या प्रत्येक घोड्यापुढे चार गोष्टी लिहिता येतील: मालक कोण, पशुवैद्याने शेवटचा केव्हा तपासला, कोणत्या वाहनाने आला, आणि पावसाळ्यात कुठे राहणार. फेरीच्या भाड्यातले थोडे पैसे नाल आणि औषधासाठी बाजूला काढता येतील. फेरी मारणाऱ्या पाहुण्यालाही यातला एखादा प्रश्न विचारता येईल.

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कोकणातला पर्यटनाचा हंगाम मे महिन्याच्या अखेरीस संपतो. त्यानंतर चार महिने किनारा ओस पडतो, कमाई थांबते, गवत भिजते आणि घोड्याला मात्र रोज दाणा लागतो. चिपळूणच्या छावणीला महाराजांचे पत्र गेले तेही मे महिन्यातच, पाऊस तोंडावर आलेला असताना. तेव्हा छावणीत दाण्याच्या कोठीची किल्ली कुणाकडे आहे, हे ठाऊक होते, म्हणून पत्र कुणाला लिहायचे हेही ठाऊक होते. दिवेआगरपासून मुरूड-अलिबागपर्यंतच्या पुळणीवर येत्या मे महिन्यात असे पत्र लिहायचे झाले, तर ते कुणाच्या नावे लिहायचे, हे त्या वहीवरून कळायला हवे.